ताईच्या गहाळ दुपारी

आमच्या घरात कुणाच्या अंगात येत नाही. आज्यानं देव सोडून बुद्धवंदना धरली तेव्हापासून हा विषय बंद. मी तर आज्याच्याही पुढचा. कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहितो आणि वाटूर फाट्यावर उभा राहून वाटतो. त्यातल्या एकाचं शीर्षक होतं ‘अंगात येणं म्हणजे निव्वळ ढोंग’. लोकांनी ते घडी करून खिशात ठेवलं की मला बरं वाटायचं. माझ्याच थोरल्या बहिणीला ते लागू पडेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

ताईला गावातच दिलंय; आमच्या ओसरीत मशीन टाकून ती ब्लाऊज शिवते. मशीनवर बसल्या बसल्या तिची नजर थिजायची, आवाज बारीक व्हायचा आणि ती आठ-नऊ वर्षांच्या पोरीसारखी भिंतीला चिकटून बसायची. त्या पोरीला ना लग्न माहीत, ना दाजी. तासाभरानं ताई परत यायची आणि विचारायची, “ही बाही कोणी कापली?” एकदा तिला भान आलं ते थेट जांब समर्थला, मंदिराबाहेर. तिथं कशी पोचली, काही आठवेना. आमच्या घरात चर्चा कशावर झाली, तर आपली पोरगी देवळात गेलीच कशी. तिला काय होतंय, हे कुणी विचारलं नाही. शेजारीण म्हणाली देवी आली. सासू म्हणाली नखरे. आई म्हणाली, “भाईर बोलू नका.” माझ्या मनात मात्र माझं पत्रकच होतं.

गावातल्या आशा कार्यकर्तीनं जुन्या जालन्यातल्या एका समुपदेशक मॅडमचा पत्ता दिला. कापडाच्या ठोक दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांची खोली. डॉक्टरांकडं पाठवून त्यांनी आधी बाकीचे आजार तपासून घेतले. मग ताईला सांगितलं, लहानपणी सोसवणार नाही असं काही झालं, तर कधीकधी मन तेवढा तुकडा बाजूला ठेवून जगत राहतं. हे ना दैवी, ना नाटक. याच्यावर उपचार आहे, पण तो हळूहळू होतो. काय झालं होतं ते ताईनं त्यांनाच सांगितलं असेल. मी विचारलेलं नाही.

ताई तीन वेळा जाऊन आल्यावर मी घोळ घातला. बाजारात भगताला उघडं पाडायची आम्हा कार्यकर्त्यांची एक पद्धत आहे. प्रश्नांची सरबत्ती करायची आणि मोबाइल चालू ठेवायचा. त्या दुपारी ताईची नजर थिजली आणि मी तेच केलं. साल कोणतं? नवऱ्याचं नाव काय? मी कोण? ती पोरगी हात जोडून म्हणाली, “काका, मी न्हाई सांगणार कुणाला.” तरी मी मोबाइल बंद केला नाही. संध्याकाळी तो व्हिडिओ ताईला दाखवला. म्हणालो, “पुरावा आहे, तूच बघ.”

तिनं शेवटपर्यंत पाहिला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. “तुझ्या कागदावर लिहेल हाय ना, ढोंग. मंग ढोंग्याला इलाज कशाला?”

ती मॅडमकडं जायची थांबली. मशीनवर चादर टाकली. गिऱ्हाइकांचं कापड परत जायला लागलं, दुपारच्या दुपारी गहाळ व्हायला लागल्या.

मी एकटाच जालन्याला गेलो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

“व्हिडिओ किती जणांना पाठवला?”

“कोणालाच नाही.”

“मग तिच्यासमोर पुसून टाका. माफी मागा. भाषण नको.” मग म्हणाल्या, “ती लहान पोरगी आली तर परीक्षा घ्यायची नाही. आज वार कोणता, आपण कुठं आहोत, इथं कुणी मारत नाही, एवढंच सांगायचं. हातात कापड द्यायचं. सुती का रेशमी, ते तिला सांगू द्यायचं. तिच्या हातांना ठाऊक असतं.”

घरी येऊन मी सुरुवात केली, “आपल्या समाजात मानसिक आजारांबद्दल...”

“पत्रक वाचून राह्यला का?” ताई म्हणाली.

मग मी साधं बोललो. चुकलो म्हणालो. व्हिडिओ पुसला. तिनं विचारलं, “ते कागद किती उरलेत?”

“दोन गठ्ठे.”

“आण इकडं.”

आम्ही दोघांनी बसून एकेका पत्रकावरचं ‘निव्वळ ढोंग’ पेनानं खोडलं. तिनं माझ्यापेक्षा जोरात खोडलं, काही कागद फाटले. गुरुवारी सकाळी ती पर्स घेऊन उभी. “चल, एसटी जाईल.” जालन्याला जिना चढल्यावर मी मागोमाग आत शिरायला लागलो, तर म्हणाली, “तू भाईर बस.” मी पायरीवर बसलो. आजवर कितीतरी मोर्च्यांत पुढं चाललो, पण बाहेर बसायला मिळाल्याचं इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं.

याला वर्ष होत आलं. मॅडमचे उपकार मानतोच. पण त्या लहान पोरीचेही मानतो. ताईला पेलवलं नसतं ते तिनं एकटीनं उचललं, आणि मी तिचीच उलटतपासणी घेतली.

परवा ती आली होती. मी वार सांगितला, गाव सांगितलं, कापड दिलं. तिनं कापड चाचपलं आणि विचारलं, “माझा भाऊ कुठंय? लई लहाना हाय तो. रडत असंल.”

“मोठा झाला,” मी म्हणालो. “बरा आहे.”

“जेवला का?”

“जेवला.”

थोड्या वेळानं ताई परत आली. अजूनही अशी एखादी दुपार जाते. मधल्या वेळात काय झालं ते मी सांगतो, पण तिनं विचारलं तरच.