एका लग्नासाठी नऊ रजा

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर मी मुलीकडे दुबईला, डिस्कव्हरी गार्डन्सला आलो. घरात बसून राहणं जमेना, म्हणून अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत सिक्युरिटी मॅनेजर झालो आणि कामगारांच्या कॅम्पवरच राहू लागलो. वर्दी उतरली होती, सवयी उतरल्या नव्हत्या. सकाळची हजेरी, गेटवरच्या नोंदी, संध्याकाळी कॅम्पची एक फेरी. त्यामुळे ही हकीकतही मी माझ्या केसेसमध्येच धरतो. नावं कुणाचीच देत नाही. ज्यांची ही गोष्ट त्यांच्या प्रांताचंही देत नाही. उंच डोंगरांतला मुलूख, कारभार स्वतःचा, विधानसभा स्वतःची, एवढं पुरे.

खबर दिली ती कॅम्पच्या मेसवाल्याने. हा रत्नागिरीकडचा, त्यामुळे आमचं बोलणं मराठीत चालायचं. नाश्त्याच्या वेळी तो माझ्यासमोर येऊन बसला.

"साहेब, त्या डोंगरातल्या वेल्डरांचं काहीतरी शिजतंय. जुम्म्याची नमाज झाली की गच्चीवर जमतात. मी चहा घेऊन गेलो की खलास, सगळे गप."

"भांडण आहे का आपसात?"

"भांडण नाय. हसतात. म्हणून तर सांगतोय."

त्याच दुपारी आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हे पुण्याचे, हुशार आणि कायम घाईत असलेले गृहस्थ. डोंगरातल्यांच्या गँगमधल्या, म्हणजे टोळीतल्या, नऊच्या नऊ वेल्डरांनी एकाच आठवड्याची रजा मागितली होती. कारणही एकच, बहिणीचं लग्न.

"एक बहीण आणि नऊ भाऊ? मला वेडा समजतात का हे?" ते म्हणाले. "त्याच आठवड्यात टाक्यांची डिलिव्हरी आहे. दुसऱ्या कंपनीने ऑफर दिली असणार. रजेवर जातील आणि नव्या व्हिसावर परत येतील. त्याआधी आपणच सगळ्यांचे व्हिसा कॅन्सल करू, विषय संपला."

त्यांचा संशय चुकीचा नव्हता. असं इथे घडतं. पण नऊ घरांची चूल एका संशयावर विझवायची, हे मला पटेना. मी दोन दिवस मागून घेतले.

एकेकाला गेटच्या ऑफिसात बोलावलं. चहा मागवला. चौकशीची माझी पद्धत साधी होती. मोठा प्रश्न विचारायचा नाही, कारण त्याचं उत्तर माणूस पाठ करून आलेला असतो. लहान प्रश्न विचारायचे. लग्न कोणाचं, हे सगळ्यांनी एकसारखं सांगितलं. नवरदेव काय करतो, असं विचारलं तेव्हा गडबड सुरू झाली. एकाने त्याला फौजेत घातलं, दुसऱ्याने त्याचं किराणा दुकान काढलं, तिसऱ्याच्या मते तो डॉक्टर होता. चौथा बराच वेळ कपाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "दूल्हा... अच्छा लड़का है, साब."

मला हसू आवरणं कठीण झालं. खोटं बोलणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली, पण इतकी कच्ची मंडळी क्वचितच. सराईत गुन्हेगारीचा हा प्रकार नव्हे, एवढं तिथेच कळलं.

शेवटी नवव्याला, त्यांच्या फोरमनला बोलावलं. पन्नाशीचा, पिकल्या दाढीचा शांत माणूस. मी म्हटलं, "चाचा, आठ जणांनी मला आठ नवरदेव दाखवले. तुमचा कसा आहे तेही ऐकू द्या."

तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "साब, शादी नहीं है," तो म्हणाला. "इलेक्शन है."

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या प्रांतात विधानसभेची निवडणूक होती. खोऱ्यातून आजवर एका कंत्राटदाराच्या घरातलाच माणूस निवडून येत असे. या वेळी प्रथमच एक बाई उभी होती, त्यांची शाळेतली मास्तरीण. हिवाळ्यात रस्ते बंद झाले की ती आपल्या घरचं सरपण शेगडीत घालून वर्ग चालवायची. हे नऊही जण तिच्याकडे अक्षरं गिरवलेले. मत द्यायला गावातच हजर राहावं लागतं. गच्चीवर जमून ते गावाकडे फोन लावत आणि आपल्या आयांना, बायकांना मतदानाला जाऊ द्या म्हणून घरच्या म्हाताऱ्यांची मनधरणी करत. त्यातलं एकेक उत्तर ऐकून हशा पिकायचा.

"मग लग्न कशाला सांगितलंत?"

"सियासत का नाम लो तो कंपनी डरती है. शादी के लिए कोई मना नहीं करता."

जबाब कितीही खरा वाटला तरी पडताळून पाहायचा असतो. मी त्याला बाईंना फोन लावायला सांगितलं. स्पीकरवर खणखणीत आवाज आला. फोरमनने चाचरत सगळा प्रकार सांगितला, तेव्हा हा पिकल्या दाढीचा माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला होता.

"झूठ बोलना मैंने सिखाया था?" त्या म्हणाल्या. "नौकरी पर आँच आती हो तो कोई मत आना. तुम नहीं आए तो मैं अकेली हारूँगी. नौकरी गई तो नौ घर हारेंगे."

मी उठून मॅनेजरांच्या केबिनकडे निघालो.

मॅनेजरांना मी सगळं तोंडीच सांगितलं. त्यांनी विचारलं, "सरळ का नाही सांगितलं यांनी?"

"सरळ सांगितलं असतं तर रजा दिली असतीत?"

"नसती दिली," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग उठून वर्कशॉपमध्ये गेले. टाक्या वेळेआधी गेटबाहेर पडल्या तर नऊही जणांना रजा, असं त्यांनी सर्वांसमोर जाहीर केलं. केरळ आणि बिहारच्या गँगनी त्यांच्या कामाचा वाटा उचलला. कुणाला सांगावं लागलं नाही. शेवटचा ट्रेलर गेटमधून निघाला तेव्हा मॅनेजर नऊ जणांकडे वळून एवढंच म्हणाले, "यल्ला, निघा आता."

डोंगरात ढग उतरल्यामुळे त्यांचं पुढचं विमान रद्द झालं. मग जीप ठरवून, दरडी चुकवत ते मतदानाच्या दिवशी दुपारी गावात पोहोचले आणि घरी न जाता थेट रांगेत उभे राहिले. मतांचा फरक इतका थोडा निघाला की फेरमोजणी झाली. त्या दिवशी अख्खा कॅम्प मेसवाल्याच्या फोनभोवती बसून होता. ज्यांनी तो प्रांत नकाशातही पाहिलेला नव्हता, तेही निकालाची वाट पाहत होते. अखेर फोन वाजला. पलीकडून ढोलाचा आवाज येत होता आणि त्यातून फोरमन ओरडत होता, "साब, मुबारक हो!" मागून आलेल्या व्हिडिओत लोकरी टोप्या घातलेली माणसं गोल करून नाचत होती, आणि एका भिंतीपाशी बायका शाई लावलेले अंगठे कॅमेऱ्याला दाखवत होत्या. मेसवाल्याने त्या दिवशी सगळ्या कॅम्पला शिरा वाढला. नऊही जण ठरल्या तारखेला परत कामावर हजर झाले.

खोट्यामागे पाप शोधायचं, हे मला नोकरीने शिकवलं होतं. खोट्यामागे कधी कधी भीती असते आणि त्या भीतीमागे एखादी फार चांगली गोष्ट लपलेली असते, हे या केसने शिकवलं. तिथपर्यंत पोहोचेपर्यंत तपास थांबवू नये.

आणखी एक झालं. सगळी नोकरी मी निवडणुकीचा बंदोबस्त केला. मतपेट्या सांभाळल्या, पुढे यंत्रं सांभाळली. माझं स्वतःचं मत मात्र नेहमी टपालाने गेलं. पुढे आमच्याकडची विधानसभा आली तेव्हा मी तिकीट काढलं. नातीने विचारलं, "आजोबा, all this for one vote?" मी हो म्हटलं.

गावच्या शाळेत पोहोचलो आणि सवयीने सरळ दरवाजाकडे निघालो. बंदोबस्तावरच्या तरुण कॉन्स्टेबलने मला हात आडवा केला.

"काका, लाइनीत या."

मी आनंदाने मागे जाऊन उभा राहिलो.