तिची खाज मी माझी म्हणून सांगितली

माझ्या बायकोनं आपलं दुखणं लपवून ठेवलं आणि म्हणून ते चिघळलं, असं परवापर्यंत आमच्या घरात सगळे मानत होते. लेक मानायची, जावई मानायचा, निलंग्याची मेहुणीही मानायची. ते खरं नाही. तिनं मला सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. लपवलं ते मी.

मी नुकताच निवृत्त झालो होतो. आम्ही दोघंच लातूरला राहत होतो. एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन खाली मान घालून म्हणाली, "अहो, लघवीच्या जागी लई आग होऊन राहिली. खाजेनं बसवत न्हाई. दह्यासारखं पांढरं जातंय अंगावरून. बाईडॉक्टरला दाखवायचं का?"

मी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "उष्णता असंल. या वयात असलं काय दाखवत फिरणार?"

अंगावरून पांढरं गेलं की ती उष्णता, आणि उष्णतेवर गुलकंद नि खडीसाखर, हे आमच्याकडं ठरलेलं. मी गंजगोलाईच्या बाजारातून बरणीभर गुलकंद आणला. धने भिजवलेल्या पाण्यात खडीसाखर विरघळवून तिला रोज देऊ लागलो. तिनं तोंड वाकडं केलं तर पेला रिकामा होईपर्यंत समोर उभा राहायचो. मला वाटायचं, बायकोची एवढी काळजी कोण घेतो?

खाज वाढतच गेली. ती पाय फाकवून चालायला लागली तेव्हा मी म्हणालो, "नीट चाल, लोक बघतात." एकदा तर "स्वच्छता ठेवत नाहीस" असंही बोललो. त्यानंतर ती साबणानं इतकं घासून धुवायची की कातडी सोलवटली.

शेवटी मेडिकलमध्ये गेलो. गल्लीतल्या नव्हे, लांबच्या. दुकानदारानं विचारलं, "कुणासाठी, काका?" बायकोसाठी, एवढं तोंडातून निघेना. म्हणालो, "मलाच. जांघेत खाज हाय."

"मग पायजमा सैल घाला की काका, जरा वारं लागू द्या!" तो हसला. एक गोळी आणि एक ट्यूब दिली.

गोळी बुरशीवरची होती. दोन-चार दिवसांत तिला उतार पडला. मी खूश. गुलकंद चालूच. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा लांबचं मेडिकल, पुन्हा "मलाच", पुन्हा तीच गोळी. असं वर्षभर चाललं. मग गोळीचा गुण येईनासा झाला. ट्यूब लावली की तेवढ्यापुरतं थंड वाटायचं, नंतर आग आणखी भडकायची.

नांदेडला लेकीकडं गेलो तेव्हा आई उठता-बसता कण्हते हे लेकीच्या ध्यानात आलं. तिनं आम्हा दोघांना बाईडॉक्टरकडं नेलं. त्यांनी आधी रक्तातली साखर पाहिली. ती फार चढलेली होती. आतल्या स्रावाचा नमुना लॅबला पाठवला. मधुमेहात ही बुरशी फोफावते, त्या म्हणाल्या. साखर आटोक्यात नसेल तर गोळीनं बरं वाटतं आणि दुखणं फिरून येतं. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, त्यानं खाज दबली आणि बुरशी वाढत राहिली. नमुन्यात निघालेली बुरशी तर नेहमीच्या गोळीला दाद न देणारी होती. मग वेगळं औषध, आत ठेवायच्या गोळ्या, तेही बरेच दिवस.

"इतकं का थांबलात, आजी? लाज वाटली?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं बघत होतो. मग ती म्हणाली, "हाव. लाज वाटली."

येताना ऑटोत लेक तिला रागावली, "अडाण्यासारखं लपवलंस आई. मला तरी सांगायचं!" मी ऑटोवाल्यासाठी सुटे पैसे मोजत राहिलो.

औषधानं आणि साखर उतरल्यानं ती बरी झाली. ठपका मात्र तिच्यावरच राहिला. मेहुणी आली की म्हणते, "आमची अक्का लाजून लाजून मेली असती." बायको नुसती हसते.

आता आम्ही लेकीकडंच असतो. परवा लेक वयात आलेल्या नातीला समजावत होती, "काही झालं तर सांगायचं. आजीसारखं लपवायचं नाही." बायको मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

मी म्हणालो, "तिनं लपवलं नव्हतं. मला सांगत होती. मीच नेलं नाही. औषध माझ्या नावावर आणलं. साखरही मीच पाजली."

लेक माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, खरं?"

"लई खेपा सांगितलं. तुझ्या अण्णांना ऐकू आलं न्हाई."

"मग डॉक्टरांपुढं का नाही बोललीस?"

"चारचौघांत यांची मान खाली घालू का मी?"

मी माफीचं काही बोलू लागलो. "राहू द्या," ती म्हणाली आणि मेथीकडं वळली.

काल तिच्या तपासणीचा दिवस होता. मी कपडे करून दाराशी उभा होतो. चपला घालता घालता ती म्हणाली, "तुम्ही घरीच थांबा. मला आत मोकळं बोलता येईल." आणि लेकीच्या स्कूटीवर मागं बसून ती गेली.