नऊ नंबरची चौकी आणि जावयाची पिवळी गाडी

ओदोन लाम्बिने दगडखाणीच्या वजनकाट्यावर अडतीस वर्षं बसला, आणि त्या अडतीस वर्षांत त्याच्यावर कुणी खूश झाल्याचं ऐकिवात नाही. काटा जे सांगेल ते ओदोन सांगे. एकदा सख्ख्या भावाचा ट्रक दोनशे किलो जास्त भरला म्हणून त्याने माघारी धाडला. भाऊ पुढची चार वर्षं नाताळला जेवायला आला नाही. "तेवढीच बदकाची एक तंगडी वाचली," असं ओदोनची बायको गिस्लेन म्हणे, पण हसत म्हणत नसे.

खाणीतून निवृत्त झाल्यावरही माणूस सुधारला नाही, कारण त्याचा दुसरा काटा चालूच होता. लोर्सिमाँ गावाच्या वरच्या बाजूला, जंगलात, मोटारशर्यतींचं सर्किट आहे. तिथे ओदोन एकतीस वर्षं बिनपगारी मार्शल होता. नारिंगी डगला चढवायचा आणि नऊ नंबरच्या चौकीवर जाऊन उभं राहायचं. चौकी म्हणजे उतारावरच्या डाव्या वळणाशी असलेलं पत्र्याचं खोपटं, त्यात एक टेलिफोन, झेंड्यांचा जुडगा आणि सूप गरम करायची शेगडी. पुढे धोका असला तर पिवळा झेंडा, मागून वेगवान गाडी येत असली तर निळा. आणि एखाद्याने चारही चाकं पांढऱ्या रेषेबाहेर टाकून वळण मारलं, की नंबर टिपून कंट्रोल रूमला फोनवर कळवायचा. मार्शलने टाळी वाजवायची नाही, कुणाच्या नावाने ओरडायचं नाही, असा नियम पुस्तकात आहे. बाकीच्या चौक्यांवर तो पुस्तकातच असतो.

अशा माणसाला जावई मिळाला तो शर्यतीतला. तिबो क्राहे घरोघरचे बॉयलर दुरुस्त करी. गेंटच्या एका दंतवैद्याकडे मोहरीच्या रंगाच्या दोन स्पोर्ट्सकार होत्या, पण वेग नव्हता. तिबोकडे वेग होता, पण गाडी नव्हती. दंतवैद्याच्या घरचा बॉयलर फुटला आणि दोघांची गाठ पडली. त्या वर्षी एकतीस नंबरची गाडी घेऊन हे दोघे युरोपीय अजिंक्यपदाच्या हौशी गटात उतरले. बत्तीस नंबरची दुसरी गाडी दंतवैद्याच्या मेव्हण्याने, योरिसने, दुसऱ्या गटात चालवायला घेतली.

एप्रिलमध्ये पोर्तुगालला तिसरे आले. मे महिन्यात इटलीत पहिले. जूनमध्ये फ्रान्सच्या दक्षिणेला एक चाक निघून समुद्राच्या दिशेने गेलं, तरी सहावे. जुलैत कातालोनियात पुन्हा पहिले. गिस्लेन आणि मुलगी माइते स्वयंपाकघरात टॅब्लेटसमोर बसून किंचाळत. ओदोन म्हणे, मला भाजीचं बघायचंय. पण शर्यतीच्या चार तासांत त्याला नेमक्या खिडकीखालच्या वाफ्यातच तण दिसे.

सप्टेंबरची शेवटची शर्यत घरच्याच सर्किटवर होती. हिशोब सोपा होता: हौशी गटात चौथा नंबर आला की अजिंक्यपद तिबोचं.

ओदोन सर्किटच्या कंट्रोलप्रमुखांकडे, वाथ्लेसाहेबांकडे गेला. "मला या वेळी चौकी नको. पार्किंगला टाका."

"का?"

"जावई शर्यतीत आहे."

"लाम्बिने," वाथ्लेसाहेब म्हणाले, "या खोऱ्यात सगळे सगळ्यांचे कुणीतरी लागतात. नातं बघून माणसं हलवायची म्हटलं तर मला सगळ्या चौक्यांवर पोर्तुगीज आणावे लागतील. आणि उद्या कुणी शंका घेतली तर तुझंच नाव सांगून मी तोंड बंद करतो. तू चौकीवरच थांब."

गावाने मात्र वेगळा सल्ला दिला. कॅफेवाली बेर्त म्हणाली, "काय ओदोन, उद्या डोळ्यात कचरा जाणार ना? मी प्रार्थना करते."

"माझ्या डोळ्यात कचरा जात नाही."

"मग मी आणून टाकू का?"

घरी गिस्लेनने सुपाचा डबा भरता भरता एकच वाक्य टाकलं. "माइतेचा नवरा आहे तो, ट्रक नव्हे."

रविवारी दुपारी शर्यत सुटली आणि तासाभरात बारीक पाऊस सुरू झाला. इथे पाऊसही निम्म्याच सर्किटवर पडतो, आणि तो निम्मा भाग नेहमी नऊ नंबरचा असतो. ओदोनच्या जोडीला नादेज होती. शाळेत भूगोल शिकवणारी, चौकीवर सहा वर्षं. गाड्या पाण्याचा फवारा उडवत यायच्या, नंबर दिसायच्या आधी रंग दिसायचा.

तिबोची गाडी पहिल्या दोन तासांत दोनदा रेषेबाहेर गेली. दोन्ही वेळा ओदोनने ती फोनवर कळवली, वजन सांगावं तशा आवाजात. तिसरी नोंद चौदा नंबरच्या चौकीवरून झाली. चौथी झाली की शिक्षा ठरलेली. पिटच्या, म्हणजे गाड्यांना टायर-तेल देतात त्या गल्लीतून रांगत जायचं, त्यात पाऊण मिनिट जाणार. तिबो तेव्हा गटात चौथा होता आणि पाचवा वीस सेकंदांवर होता.

"काका, जरा बसा," नादेज म्हणाली. "तासभर झाला, तुम्ही त्या रेषेकडे असे बघताय की तीच घाबरून सरकेल."

ओदोन बसला नाही. त्याची भीती निराळी होती. जावई रेषेबाहेर जाईल याची नव्हे, तर तो जाईल आणि आपला हात फोनकडे जायला एक क्षण उशीर करेल, याची. तो क्षण येऊ नये म्हणून तो फोनच हातात धरून उभा होता.

चाळीस मिनिटं उरली असताना फवाऱ्यातून मोहरीचा रंग आला, वळणावर बाहेर सरकला, चारही चाकं रेषेपलीकडे, गवताचा एक लचका उडाला.

"चौकी नऊ. गाडी एकतीस. चारही चाकं बाहेर," ओदोन म्हणाला. क्षणाचाही उशीर झाला नव्हता. इतका अभिमान त्याला लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता.

कंट्रोलने नोंद घेतली आणि थोड्याच वेळात जाहीर केलं: एकतीसला शिक्षा, तीन फेऱ्यांत भोगायची.

पुढच्या फेरीला दोन्ही पिवळ्या गाड्या एकामागोमाग आल्या. पहिलीचं नाक धुतल्यासारखं स्वच्छ होतं. दुसरीच्या नाकात गवताचा भला थोरला झुपका अडकला होता, बोकडाने चरता चरता मान वर करावी तसा.

नादेजने हळूच विचारलं, "काका, गवत कुणाच्या नाकात होतं?"

"बत्तीसच्या," ओदोन म्हणाला. आणि मग त्याचा चेहरा असा झाला की नादेजने त्याला खुर्ची दिली.

तासभर तो एकाच गाडीची चूक व्हायची वाट बघत होता. चूक झाली तेव्हा नंबर त्याने वाचलाच नव्हता. न्यायाने वागण्याची इतकी घाई झाली होती की अन्याय होऊन गेला. आता तो निस्तरायचा तर फोन उचलून, वीसही चौक्यांना ऐकू जाणाऱ्या लाइनवर सांगायचं की जावयाची शिक्षा मागे घ्या. एकतीस वर्षांत त्याने एकही नोंद मागे घेतली नव्हती. गप्प बसलं तर तिबोचं वर्ष मातीत, बोललं तर आपली अडतीस अधिक एकतीस वर्षं.

"मी सांगते ना," नादेज म्हणाली. "मीही बघितलंय."

"चूक माझी आहे. फोनही मीच करणार." त्याने घसा खाकरला. "चौकी नऊ. मघाची नोंद चुकली. बाहेर गेलेली गाडी बत्तीस होती. एकतीस नव्हे."

मग कुठल्याशा चौकीवरून कुणीतरी म्हणालं, "जावईबापूंचा विजय असो!" आणि सगळं सर्किट खदाखदा हसलं.

"लाइन मोकळी ठेवा!" वाथ्लेसाहेब ओरडले. "लाम्बिने, नक्की?"

"नक्की. बत्तीसच्या नाकात आमच्या वळणाचं गवत आहे. पिटवाल्यांनी दुर्बिणीने बघावं."

नादेजने दुजोरा दिला. पिटवरून कुणीतरी दुर्बीण लावली आणि नाकात पाव किलो गवत असल्याचं कळवलं. एकतीसची शिक्षा तिसरी फेरी संपायच्या आत रद्द झाली. बत्तीसच्याही तीन नोंदी आधीच झाल्या होत्या, त्यामुळे तीच शिक्षा तिकडे गेली. तिबो चौथा आला. अजिंक्यपद एका गुणाने लोर्सिमाँला आलं.

संध्याकाळी बेर्तच्या कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. ओदोन दारातून आत येताच लोक उभे राहिले. अडतीस वर्षांत त्याच्यासाठी कुणी साधी खुर्ची सरकवली नव्हती. आज चौघांनी सरकवल्या. त्याच्या पुढ्यात मांसाचे गोळे, फ्राइज आणि पेकेट या तिथल्या कडक दारूचे तीन पेले येऊन बसले.

"शेवटी माणसात आलास बाबा!" कुणीतरी पाठीवर थाप मारली. थाप मारणारा त्याचा भाऊ होता.

"ती गाडी बत्तीसच होती," ओदोन म्हणाला.

"होय होय. बत्तीसच." भावाने डोळा मारला.

"नाकात गवत होतं."

"असणारच. इतक्या लांबून गवत कोण मोजतंय?" बेर्त म्हणाली आणि चौथा पेला ठेवला.

तिबो आला, सासऱ्याला मिठी मारून म्हणाला, "बाबा, आयुष्यात विसरणार नाही. माइतेला सांगितलंय, पहिल्या मुलाचं नाव ओदोन."

"अरे, मी तुझ्यासाठी काही केलेलं नाही! तू बाहेर गेलाच नव्हतास!"

"मीपण सगळ्यांना हेच सांगतोय," तिबो म्हणाला, आणि त्यानेही डोळा मारला.

गिस्लेनने तर तांदळाच्या टार्टचा सगळ्यात मोठा तुकडा ताटात वाढला. ती आज हसत होती. ओदोन सगळ्यांना पुन्हा पुन्हा समजावत होता, आणि तो जितकं समजावी तितकं गाव त्याच्यावर अधिक प्रेम करत होतं. आयुष्यभराच्या प्रामाणिकपणाने जे मिळालं नाही ते एका न केलेल्या लबाडीवर मिळत होतं, आणि ते परत कसं करायचं हे काही त्याला कळेना.

इतक्यात दार धाडकन उघडलं. आत आला दंतवैद्याचा मेव्हणा योरिस, बत्तीस नंबरवाला. केस ओले, कानापर्यंत लाल, फ्रेंच मोडकंतोडकं.

"नऊ नंबरचा म्हातारा कोण? कुठाय?"

कॅफेतल्या सगळ्या माना ओदोनकडे वळल्या.

"मी," ओदोन उठला.

"मी माझ्या गटात तिसरा येणार होतो! माझा पहिला कप! तुमच्या फोनामुळे गेला!"

"पण गाडी तुमचीच बाहेर गेली होती ना?" ओदोनने विचारलं.

"गेली होती! चारही चाकं! मग? अहो, शिक्षा दुसऱ्याला लागली होती, तुमचं काय जात होतं? कोण असं परत फोन करून सांगतं?"

ओदोनच्या चेहऱ्यावर सूर्य उगवला. टेबलाला वळसा घालून तो गेला, त्याने योरिसचे दोन्ही खांदे धरले, खोलीच्या मधोमध आणलं, सगळ्यांकडे तोंड करून उभं केलं आणि आपला पेला त्याच्या हातात दिला.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला. "सावकाश. आणि जरा मोठ्याने."