खोली रविवारपर्यंत खाली करा म्हणे!

आज घरात जे झालं, ते इथं लिहितेय.

पूर्णेतल्या आमच्या घरात खालच्या खोलीत सुनीताताई भाड्यानं राहतात. शिवणकाम करतात. नवरा वारलाय, मुलगी दहावीला आहे. चार वर्षं झाली, सगळा व्यवहार तोंडीच. कागद कधी केलाच नाही.

आज सकाळी माझे सासरे (मी त्यांना मामा म्हणते) ताईंना म्हणाले, "रविवारपर्यंत खोली खाली करा. माझ्या पुतण्याला रेल्वेत नोकरी लागली, तो यायलाय."

मी मध्ये पडले. "मामा, पोरीची परीक्षा तोंडावर आली. कागद नसला तरी आधी नोटीस द्यावी लागते."

"घर आपलं हाय. त्यांच्यापाशी कागद हाय का?" एवढं बोलून ते बाहेर निघून गेले.

मी खाली जाऊन ताईंना सांगितलं, "तुमी जाऊ नका. कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणी तुमाला जबरदस्तीनं काढू शकत न्हाई."

त्या मशीनवरून उठल्या. "वहिनी, कायदा असंल. पण पाणी तर रोज तुमच्याच नळाचं भरायचं हाय ना? भांडण करून तिथं कसं उभं राहू? फक्त परीक्षा होईस्तोवर राहू द्या म्हणा."

मामा घरी परतल्यावर तेवढंच मी त्यांना विचारलं. ते "बघू" म्हणाले.

संध्याकाळी ताई दुसरी खोली बघायला गेल्या. पोरगीही शिकवणी बुडवून सोबत गेली.

उद्या मी मामांशी पुन्हा बोलणार आहे. आपल्याच घरातल्या मोठ्या माणसाला हे पटवून देणं तुमच्यापैकी कुणाला जमलंय का? काय बोललात?