फिरायला जाण्याचा कौल

काल मालवणच्या बाजारात फुलवालीच्या टोपलीतून ओल्या पाकळ्यांचा वास आला आणि आचऱ्याजवळच्या सासरच्या गावातली ती सकाळ आठवून माझी मान आपोआप खाली गेली.

लग्नानंतरची ती पहिलीच मोठी सुट्टी. नवऱ्याला गाडी काढून थेट जैसलमेरचं वाळवंट गाठायचं होतं. मला पाँडिचेरीच्या रंगीत गल्ल्या आणि चित्रांची दालनं बघायची होती. आमची रोजची धुसफूस ऐकून सासूबाई वैतागल्या. "भांडतास कित्याक? देवाक कौल लावा!" आम्हाला गंमतच वाटली. हसत हसत देवळात गेलो.

गुरव देवाच्या पाषाणावर भिजवलेल्या पाकळ्या चिकटवत होते. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्या पुढे एक बाई होती. तिचा नवरा होडी घेऊन गेला होता, तो परतला नव्हता. तो येईल ना, एवढंच तिचं विचारणं. पाकळी हललीच नाही. ती बाई खांबाला टेकून बसून राहिली.

परत फिरूया म्हणून मी नवऱ्याचा हात ओढला, पण सासूबाईंनी गुरवांना आमचं आधीच सांगून ठेवलं होतं. गुरवांनी खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही पोरां वाळवंटात जांवदेत नायतर चित्रांच्या शहरात, खंय गेली तरी सुखरूप घराक येवंदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

सगळ्यांत मोठा आवाज त्या बाईचा होता.