दमयंतीबाईंचा क्लास

शहराच्या गारखेडा भागात दमयंतीबाईंनी दवाखाना थाटला तेव्हा दारावर ‘बाल व कुटुंब समुपदेशन’ अशी पाटी होती. वर्षभर तिकडं कुणी फिरकलं नाही. जे आले ते जिन्यातूनच परतले. पोराला घेऊन आत जाताना कुणी पाहिलं असतं, तर अमक्याचं पोर वेडं म्हणून गल्लीभर झालं असतं. मग बाईंनी पाटी बदलली, ‘अभ्यास मार्गदर्शन वर्ग’. झाकली मूठ सव्वा लाखाची. महिन्याभरात बसायला बाक पुरेनात. शहर चहूकडं पसरत होतं, कोरड्या शेतांचे प्लॉट पडत होते, आणि नव्या कॉलन्यांतली पोरं झोपेत दचकत होती; पण आईबापांच्या तोंडी सगळी नुसती अभ्यासात कच्ची. बाईंना याचा संताप यायचा. पाटी मात्र त्यांनी तशीच ठेवली.

आकाशला त्याची आई सुलेखा घेऊन आली. दुष्काळात ही माणसं पिशोर गाव सोडून शेंद्र्याला आली होती. बाप, कडुबा, तिथं कंपनीत लागला होता. दहा वर्षांचं पोर शाळेत तोंड उघडत नव्हतं. घरी पाण्याच्या बाटल्या भरून खाटेखाली लपवायचं आणि कुणी हात लावला तर थरथरायचं.

“म्याडम, आमच्या मालकांना क्लास म्हनूनच सांगितलंय,” सुलेखा म्हणाली. “खरं कळलं तर पोराला आणू द्यायचेच नाहीत. तुमी बोलू नका.”

बाईंनी मान डोलावली. बापाला बोलावल्याशिवाय उपचार सुरू करायचे नाहीत, हे त्या दुसऱ्यांना शिकवत असत.

चार महिने आकाशनं मातीच्या आकृत्या केल्या आणि मोडल्या. पाचव्या महिन्यात एका दुपारी खाली मान घालून तो आपणहून बोलला. “टँकर विहिरीत रिकामा करत व्हते. लई गर्दी. मामाच्या सरूचा हात माझ्या हातात व्हता. म्या घागर धराया हात सोडला.” सरू विहिरीत गेली ती गेलीच. तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. आकाश त्या दिवशी बाईंच्या ओच्यात डोकं खुपसून रडला. आता कुठं गाठ सुटायला लागली होती, आणि आता थांबलं तर पोर पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

पुढच्याच शनिवारी सुलेखा आणि आकाशबरोबर कडुबाही आला. अंगात कंपनीचा गणवेश, हात जोडलेले.

“म्याडम, गणितात बारा मार्क पडले. पोरगं म्हनतंय, क्लासात माती खेळतो. आमाला शिक्षणाबिगर दुसरं काय हाय? म्या त्याला कन्नड गावातल्या वसतिगृहात घालतो.”

सुलेखा त्याच्या मागं उभी राहून नकारार्थी मान हलवत होती. बाईंनी तिच्याकडं पाहायचं टाळलं.

“हा क्लास नाही, कडुबाजी. तुमच्या मुलाच्या मनाला मोठी जखम आहे. ती आता कुठं भरतेय. त्याला इथून हलवू नका. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.”

कडुबानं मागं वळून दारावरच्या पाटीकडं पाहिलं. चिडला असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

“मग भायेर तसं का नाय लिव्हलं?” तो म्हणाला. “तुमीच लाजता, आन् मला म्हनता लाजू नको.”

कडुबानं पोराला उठवलं. आकाश बाईंकडं पाहत राहिला. आपलं बोलणं बापाला सांगितलं गेलं, असंच त्याला वाटलं असणार. बाई नंतर दोनदा शेंद्र्याला गेल्या. सुलेखानं दारातूनच सांगितलं, पोरगं कन्नडला गेलं, तिथं कुणाशी बोलत नाही, आणि तुमी येऊ नका.

बाई परतल्या त्याच आठवड्यात एक नवी आई मुलीला घेऊन आली. उंबऱ्यापाशी थांबून तिनं हळू आवाजात विचारलं, “इथं क्लासच असतो ना?”

“क्लासच,” दमयंतीबाई म्हणाल्या. “या, आत या.”