नऊ वर्षांच्या चिठ्ठ्या

परदेशात काय करतेस असं कोणी विचारलं, की ती सांगायची, "लोकांचे दात करते." ऐकणाऱ्याला वाटायचं, डॉक्टर दिसते. मग खुलासा करावा लागे. डॉक्टर तोंडात बघतो, माप घेतो, ते माप आमच्या कारखान्यात येतं आणि आम्ही टेबलाशी बसून त्या मापाचा दात घडवतो. मी आजवर एकाही रोग्याचं तोंड पाहिलेलं नाही. एवढं ऐकून समोरच्याचा उत्साह मावळायचा. घरच्यांनी मात्र तिचं नाव दातवाली पाडलं ते पाडलंच, आणि आपणही तेच चालवू.

कामाला ती वाघीण होती. प्लास्टरच्या साच्यावर मेणाचा दात उभा करायचा, चिनी मातीची पूड ओली करून बारीक ब्रशने थर चढवायचे, भट्टीत भाजायचं, घासायचं, पुन्हा भाजायचं. पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा तिला अंधाऱ्या खोलीतही ओळखता यायच्या. पण कागद म्हटला की या वाघिणीची शेळी व्हायची. बँकेचं पत्र आलं की न उघडता खणात, खण भरला की पिशवीत, पिशवी भरली की कपाटावर.

आणि नेमका कागदच तिच्या मानगुटीवर बसला.

तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचा एक गाळा होता, पुढे त्यांचं टेबल, मागचा अर्धा भाग एका किल्ल्या बनवणाऱ्याला भाड्याने दिलेला. लेक परदेशी निघाली त्या आठवड्यात त्यांनी गाळा तिच्या नावावर करून टाकला. "उद्या माझ्यामागे कटकट नको," म्हणाले. भाडं तिच्या खात्यात जमा होत राहिलं. भाडं म्हणजे उत्पन्न, आणि उत्पन्न म्हणजे दरवर्षी मायदेशी रिटर्न भरायचा, हे तिच्या गावीही नव्हतं. कोणी सुचवलंच तर ती म्हणायची, "इथे पगारातून कर कापतात की! दोन्हीकडे कशाला?" असं म्हणत म्हणत नऊ वर्षं गेली.

एके सकाळी वडिलांचा फोन आला. गाळ्याच्या शटरवर नोटीस चिकटवलेली होती, आणि घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून ते ती वाचून दाखवत होते.

"नऊ वर्षांचे रिटर्न भरलेले नाहीत म्हणतात. या महिन्याच्या अखेरीपर्यंत सगळे भरले आणि निघेल तो कर भरला, तर दंड माफ. नाही भरले तर गाळा जप्त."

"बाबा, तुम्ही काळजी करू नका."

"मी कुठे करतोय? मी फक्त वाचून दाखवतोय," वडील म्हणाले. पण शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. आई गेल्यापासून या माणसाला घर खायला उठायचं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, कोणी घड्याळ आणो न आणो, तो गाळ्यात बसायचा. गाळा गेला असता तर त्याने बसायचं कुठे? दातवालीच्या तोंडचं पाणी पळालं.

तिने मायदेशातली एक करसल्लागार गाठली. बाई फोनवर भराभरा बोलायच्या आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "कळलं ना?" विचारायच्या.

"प्रत्येक वर्षी तुम्ही इथे किती दिवस होता, तिथे किती, ते पुराव्यासकट हवं. एखाद्या वर्षी अर्ध्या वर्षाहून जास्त दिवस इथे राहिला असाल, तर त्या वर्षी तुम्ही इथल्या रहिवासी. म्हणजे तिथल्या पगारावरही इथे कर. कळलं ना? पासपोर्टवरचे शिक्के पाठवा."

आता शिक्के कुठून आणायचे! जुना पासपोर्ट कोटाच्या खिशात राहून कपड्यांच्या यंत्रात धुऊन निघाला होता. पानांवर निळसर डाग तेवढे उरले होते. सरकारी नोंदी मागवायच्या तर तीन महिने लागणार, आणि महिना संपायला उरले होते एकोणीस दिवस.

तिने हातपाय गाळले, आणि दुपारच्या सुट्टीत कारखान्यात सगळ्यांसमोर रडली. तेव्हा कुलूपकाका तिच्या टेबलापाशी आले. कुलूपकाका म्हणजे कोठारवाले. प्रत्येक कपाटाला कुलूप आणि प्रत्येक कुलपाची किल्ली कमरेला, म्हणून हे नाव. जुने कागद जपून ठेवण्यावरून त्यांची सगळ्यांत जास्त टिंगल केली असेल तर ती दातवालीनेच.

"कोणत्या दिवशी तू इथे होतीस, एवढंच ना?" ते म्हणाले. "ज्या दिवशी दात केलास, त्या दिवशी होतीस. चल."

तळघरात भिंतभर कपाटं होती. कारखान्यातून गेलेल्या प्रत्येक दाताची चिठ्ठी तिथे ठेवलेली असायची. तारीख, कितवा दात, कोणती छटा, डॉक्टरची सूचना, आणि खाली तो दात ज्याने केला त्याची खूण. उद्या दात तडकला, कोणाला त्रास झाला, तर करणारा सापडला पाहिजे, असा नियम होता. दातवालीची खूण म्हणजे एक छोटीशी कमान आणि तिच्याखाली टिंब. काकांनी एकामागून एक खोकी काढून टेबलावर मांडली. तिच्या एकटीच्या चिठ्ठ्यांची सदतीस खोकी झाली.

ती बघतच राहिली. काम करताना एका वेळी एकच दात समोर असतो; तो झाला की जातो, दुसरा येतो. किती झाले हे कोण मोजतं? काकांनी मोजून सांगितलं, अकरा हजार दोनशेच्या वर. तिला खरं वाटेना. म्हणजे या शहरात अकरा हजार जागी तिच्या हातचं काम रोज घास चावत होतं, हसत होतं, कोणाकोणावर चिडून आवळलं जात होतं. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या तोंडातही असू शकेल. 

पुढचे आठ दिवस काम सुटल्यावर ती आणि काका तळघरात बसू लागले. ती चिठ्ठी वाचायची, काका तारखेवर फुली मारायचे. मोजायचं होतं दिवस, पण नजर सूचनांवर अडकायची. 'पेशंट बासरी वाजवतो, दाताची कड जाड ठेवू नये.' 'नवा दात जुन्यासारखाच थोडा वाकडा हवा, नाहीतर नवरा ओळखणार नाही म्हणतात.' ही चिठ्ठी तिने मोठ्याने वाचली, आणि कधी न हसणारे काका पोट धरून हसले. वाकडा दात तिला चांगला आठवला. सरळ करायला दीड तास लागतो, वाकडा जमायला तिला दोन दिवस लागले होते.

नऊपैकी आठ वर्षं सरळ निघाली. दरवर्षी तीन-चार आठवडे चिठ्ठ्या नाहीत, तेवढे दिवस ती घरी. राहिलं सहावं वर्ष, आईच्या आजारपणाचं.

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा ती होती तशी निघाली आणि आई जाईपर्यंत तिथेच राहिली. किती दिवस, हे तिला सांगता आलं नसतं. तो सगळा काळ तिच्या डोक्यात एक लांबलचक दुपार होऊन बसला होता. नंतर आत्या चारचौघांत म्हणाली होती, "लेक परदेशी, शेवटी शेवटी तोंड दाखवून गेली," आणि दातवालीने ते मुकाट्याने ऐकून घेतलं होतं. कोणी सांगावं, असेलही खरं, असं तिला आतून वाटत राहिलं.

काकांनी सहाव्या वर्षाचं खोकं पुढे केलं आणि ते उगाचच किल्ल्या पुसत बसले. चिठ्ठ्या थांबल्या त्या दिवसापासून तिने मोजायला घेतलं. सत्त्याऐंशी दिवस मोकळे. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी कमान आणि टिंब. दोन दिवसांनी पुन्हा. पुढे दर आठवड्याला चार-पाच.

"काका, हे कसं? या तारखेला मी इथे नव्हते."

ती तारीख तिला पक्की आठवत होती. त्या दिवशी आईने पहिल्यांदा डाव्या हाताने चमचा धरला होता. निम्मी खीर गळ्यावर सांडली होती आणि तिघंही हसली होती.

तिने चिठ्ठी दिव्याखाली धरली. कमान तिची होती, हात तिचा नव्हता. पुढची पाहिली, तीही नाही. एका चिठ्ठीवर कमान मागे झुकलेली. कारखान्यात डावखुरा एकच, भट्टीवाला. एकीवर टिंब वाटाण्याएवढं, पेन इतकं दाबून लिहिणारी म्हणजे शेजारच्या टेबलावरची पॉलिशवाली. तिसरा हात मेणवाल्याचा. सगळे मिळून त्रेसष्ट दात.

"तीन महिने सलग पगार पडला नसता, तर इथे राहायचा तुझा परवाना रद्द झाला असता," काका किल्ल्यांकडे बघत म्हणाले. "पगार दात मोजून मिळतो. मग त्यांनी आपलं काम संपवून रोज एखादा तुझ्या नावावर केला."

"आणि तुम्ही?"

"मी चिठ्ठ्या लावून ठेवल्या. मला कोणी काही विचारलं नाही."

त्या महिन्यांचा पगार खात्यात आला होता हे तिला आठवलं. मालकांनी रजा भरून दिली असेल असं समजून ती मोकळी झाली होती. तीन वर्षं ही माणसं तिच्या शेजारी बसून डबे खात होती, तिच्याशी छटांवरून भांडत होती, आणि एकानेही चकार शब्द काढला नव्हता. ती तशीच जिना चढून वर गेली. पॉलिशवाली निघायच्या तयारीत होती. दातवालीने चिठ्ठी तिच्यापुढे धरली.

"अगं, मला वाटलं तुला केव्हाच कळलं असेल," पॉलिशवाली म्हणाली. मग चिठ्ठी निरखून, "शी, काय हे टिंब काढलंय मी!"

दातवालीने चिठ्ठी टेबलावर ठेवली. तिने तिला घट्ट मिठी मारली, इतकी की पॉलिशवालीचा चष्मा वाकला.

रात्री तिने पुन्हा मोजलं. स्वतःच्या हातची शेवटची चिठ्ठी आणि स्वतःच्या हातची पुन्हा पहिली, यांच्यामध्ये एकशे एक्याण्णव दिवस होते. ती आकड्याकडे पाहत बसली. चार नाही, चाळीस नाही, एकशे एक्याण्णव! एवढे दिवस ती आईच्या उशाशी होती, आणि तिलाच ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सल्लागारबाईंना तिने सगळं सांगितलं. बाई प्रथमच सावकाश बोलल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "चिठ्ठ्यांप्रमाणे तुम्ही इथे सत्त्याऐंशीच दिवस होता. तेवढे लिहिले तर तिथल्या पगारावर काही देणं नाही. एकशे एक्याण्णव लिहिले तर त्या वर्षाच्या सगळ्या पगारावर कर. कळलं ना? पुरावा तर तुमच्या बाजूने आहे."

"आणि एकशे एक्याण्णव लिहिले, तर माझ्या सोबतच्यांना कोणी काही विचारेल?"

"छे. तिथे होते म्हणायला पुरावा लागतो. इथे होते म्हणायला नाही लागत, फक्त कर लागतो."

कराचा आकडा त्यांनी सांगितला. स्वतःची भट्टी घ्यायची म्हणून दातवालीने चार वर्षं साठवलं होतं, त्यातलं जवळपास सगळं जाणार होतं. तिने डोळे मिटले. सत्त्याऐंशी लिहायचे म्हणजे उरलेले एकशे चार दिवस नव्हतेच म्हणायचं. चमच्याचा दिवस त्यातला. आईने नीट उच्चारून तिला हाक मारली तो दिवसही त्यातलाच.

"एकशे एक्याण्णव लिहा," ती म्हणाली.

"म्हणजे त्या वर्षी तुम्ही कायद्याने इथल्याच ठराल."

"होतेच मी तिथली."

मुदतीला तीन दिवस असताना नऊच्या नऊ रिटर्न भरले गेले, कर भरला गेला, आणि वडिलांनी शटरवरची नोटीस स्वतःच्या हाताने खरवडून काढली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागे किल्ल्या घासण्याचा आवाज येत होता.

"सल्लागारबाई म्हणाल्या, एका वर्षाचा कर बराच बसला. भाडं तर एवढंसं येतं. कर कशाचा गं?"

"आईजवळ राहिले त्याचा, बाबा. एकशे एक्याण्णव दिवसांचा."

वडिलांनी किल्लीवाल्याला "जरा थांब" म्हटलं. किल्ल्या घासायचं थांबलं.

"एवढाच?" ते म्हणाले. "मग स्वस्तात सोडलं, पोरी."